एकसष्ट गोल आणि पार्किंग लॉट

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हायमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं, की पानं वाढून होईपर्यंत मुलांची हजेरी होते. कुणाचा मुलगा बेलव्ह्यूला लागला, कुणाची मुलगी क्युपर्टिनोत टीम सांभाळते, कुणाचं मेडिकल संपत आलं. हजेरी आर्य टिपणीसपाशी आली की जरा अडखळते.

"आर्य काय करतो हल्ली?"

"खेळतो."

"हो गं, ते माहितीये. पण करतो काय?"

हा प्रश्न मी अकरा वर्षं ऐकतेय आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, शनिवारी पाऊस असो, गारठा असो, नव्वद मिनिटं धावायचं, समोरच्या दांडगट बचावपटूंची कोपरं बरगड्यांत खायची, आणि महिन्यातून एखाददा चेंडू जाळ्यात घालायचा. हे 'करणं' नाही, तर मग एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसणं तेवढं करणं का?

मी मीनाक्षी, टिपणीसांची शेजारीण. पेशाने फिजिकल थेरपिस्ट, म्हणजे लोकांचे गुडघे, खांदे, कमरा पुन्हा चालत्या करून देणारी. आर्य दहा वर्षांचा असल्यापासून मी त्याला बघतेय आणि त्याचा उजवा गुडघा तर मला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक आहे. आई शोभना. वडील प्रल्हाद, मूळचे मिरजेचे, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. सीट मागे-पुढे करायची जी कळ असते, ती अडकली तर का अडकली, हे शोधण्यात त्या माणसाने तीस वर्षं घालवली. घरात दूध उतू गेलं तरी ते पाच वेळा 'का' विचारायचे. शोभना सहाव्यांदा 'कारण मी तुमच्याशी बोलत होते' म्हणायची.

आर्य स्ट्रायकर. सगळ्यात पुढे उभा राहून गोल करण्याची ज्याच्यावर जबाबदारी, तो. त्याचा खेळ डोळे दिपवणारा कधीच नव्हता. उंची बेताची, वेग बरा, पण चेंडू कुठे येऊन पडणार हे त्याला इतरांच्या अर्धा सेकंद आधी कळायचं. इथल्याच एका छोट्या कॉलेजकडून चार वर्षं खेळला. डिग्री झाल्यावर मुलं नोकरीचे अर्ज भरतात. याने आईची जन्माची नोंद शोधून काढली.

तीही एक गंमतच. शोभनाचे वडील डॉक्टर, काही वर्षं इंग्लंडमध्ये नोकरीला होते, तेव्हा ही तिथे जन्मली. तीन वर्षांची असताना कुटुंब नागपूरला परतलं. त्या जन्माचा तिला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नव्हता. तो मुलाला झाला. तिच्या नावावर याला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला आणि बाविसाव्या वर्षी आर्य इंग्लंडला गेला, ऑल्डरविक टाउन नावाच्या क्लबकडून खेळायला.

इंग्लंडचा फुटबॉल म्हटल्यावर टीव्हीवरची झगमगती मैदानं डोळ्यांपुढे आणू नका. ऑल्डरविक त्याच्या खूप खाली, सातव्या पायरीवर. मैदानाला उतार. पहिल्या हाफमध्ये चढ चढायचा, दुसऱ्यात उतरायचा. प्रेक्षक तीनशे, त्यात कुत्री धरून. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव आणि दिवसा सगळ्यांच्या नोकऱ्या. गोलकीपर गवंडी होता, कॅप्टन पोस्टमन, आणि आर्य एका गोदामात खोकी उचलायचा. तिथे प्रत्येक खेळाडूला गावातला एखादा दुकानदार पुरस्कृत करतो. आर्यच्या वाट्याला खाटीक आला. सामन्याच्या छापील पुस्तिकेत आर्यचा फोटो, त्याखाली हसऱ्या डुकराचं चित्र आणि दुकानाचा पत्ता. अंडंसुद्धा न खाणाऱ्या शोभनाने ते पान फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. अजून आहे.

पाच सीझन, अडतीस गोल. एकदा क्लबच्या कॅलेंडरवर ऑक्टोबर महिन्याला त्याचा फोटो आला, ही त्याच्या कीर्तीची परमावधी. मग उजवा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो परत आला. इथल्या एका शाळेत पीटीचा मास्तर झाला आणि उन्हाळ्यात मेपल रिव्हर नावाच्या हौशी क्लबकडून खेळू लागला. हायस्कूलचं मैदान, त्यावर अमेरिकन फुटबॉलचे पांढरे पट्टे आधीच मारलेले, त्यांच्यावरून आपल्या फुटबॉलचे पिवळे पट्टे. पहिल्यांदा गेलेल्याला खेळ कुठे संपतो ते कळत नाही. तिथे सहा उन्हाळ्यांत तेवीस गोल. एकूण एकसष्ट.

त्या एकसष्टांतला एकही गोल प्रल्हादरावांनी पाहिलेला नाही.

ते सामन्याला जायचे नाहीत असं नाही. आर्य सात वर्षांचा असल्यापासून इथल्या प्रत्येक सामन्याला ते गेले. शोभना घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला बसायची आणि प्रल्हादराव पार्किंग लॉटमध्ये गाडीत. काचा वर, तोंड मैदानाच्या उलट दिशेला. कुणी विचारलं तर, "ऑफिसचं काम आहे जरा." शोभना सांगायची, "ह्यांना टेन्शन येतं हो, बघवत नाही." लोक म्हणायचे, स्वभाव.

खरं कारण मला कळलं ते आर्य इंग्लंडला असताना. तिथले शनिवारचे सामने दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला. एका शनिवारी मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर आले, तर टिपणीसांच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं आणि आत बंद गाडीत प्रल्हादराव ताठ बसलेले. पुढच्या शनिवारी तेच. मला वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. तिसऱ्या शनिवारी मी सरळ काचेवर टकटक केली.

काच खाली करून ते म्हणाले, "वहिनी, सांगतो, पण हे कुणाला बोलायचं नाही. बोललं की त्यातला असर जातो."

मग त्यांनी सांगितलं. मिरजेत त्यांच्या घरी क्रिकेटचा सामना लागला की जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं, अशी शिस्त होती. भागीदारी रंगली असताना कुणी उठलं आणि विकेट पडली, तर त्याची धडगत नसे. एकदा यांच्या काकांनी यांना एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असं अख्खं सत्र उभं ठेवलं होतं, कारण तसे उभे असताना दोन चौकार गेले होते. आपल्यापैकी कुणाच्या घरी हे झालं नाही? माझे वडील तर लघवीलाही जाऊ द्यायचे नाहीत.

तर सात वर्षांचा आर्य खेळायला लागला. पहिले आठ सामने प्रल्हादराव रेषेवर उभे होते आणि आठांत त्याला एकही गोल करता आला नाही. पोर रडत घरी यायचं. नवव्या सामन्यात प्लान्टमधून फोन आला, हे बोलायला गाडीत जाऊन बसले, आणि तेवढ्या दहा मिनिटांत आर्यने दोन गोल मारले. हे परत येऊन उभे राहिले, तर काही नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम उभे राहिले, काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मुद्दाम गाडीत बसले. गोल!

"म्हणजे तीन ट्रायल्स," मी म्हटलं. "कंपनीत तीन सीट तपासून तुम्ही लॉट पास कराल?"

"कंपनीत पोटचा मुलगा नसतो, वहिनी."

"आणि तुम्ही गाडीत असूनही शंभरदा गोल झाला नाही, त्याचं काय?"

"तेव्हा झाला नसेल. पण झाला तेव्हा मी कधीच बाहेर नव्हतो."

मी घरी येऊन गिरीशला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. समुद्रापलीकडच्या सामन्यासाठी गॅरेजमध्ये गाडीत बसणारा इंजिनिअर! दिलेला शब्द मात्र मी पाळला, दुसऱ्या कुणाजवळ ब्र काढला नाही. आपण फार शहाण्यासारखं वागलो, असंच मला वाटत होतं.

या वर्षी मे महिन्यात आर्य माझ्या क्लिनिकमध्ये टेबलावर आडवा होता. गुडघ्यातली कूर्चा झिजून हाडाला हाड लागत होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आता बास. तेहतीस वर्षांचा आहेस. अजून एक सीझन खेळलास, तर पन्नाशीत जिना चढता येणार नाही."

तो छताकडे बघू लागला. मग म्हणाला, "ओके. जुलैमध्ये लास्ट होम गेम आहे. तेवढा खेळतो, काकू. हाफ अवर."

"खेळ. मी येईन पट्टी बांधायला. आई-बाबा असतीलच."

"आई असेल." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "बाबा असतील कारमध्ये. यू नो, ही हॅज नेव्हर सीन मी स्कोअर. नॉट वन्स. लहान असताना मला वाटायचं, मी बॅड आहे म्हणून ते बघत नाहीत. सो आय थॉट, बेटर झालो की बघतील. मग इंग्लंडला गेलो. क्लब स्ट्रीम करायचा गेम्स. आय सेंट हिम द लिंक एव्हरी वीक. एव्हरी वीक, काकू. त्यांनी एकदाही ओपन केली नाही. इट्स फाइन. त्यांना इंजिनिअर मुलगा हवा होता, आय गेट इट."

माझे हात त्याच्या गुडघ्यावर थांबले. ज्या शनिवारी तो तिथे चिखलात पडत-उठत होता आणि मनात म्हणत होता की बापाला आपली लाज वाटते, त्याच शनिवारी बाप गॅरेजमध्ये श्वास रोखून बसला होता, आणि ते मला ठाऊक होतं. आम्ही त्यावर हसलो होतो. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याला तिथेच सगळं सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण ते माझ्या तोंडून येण्यात अर्थ नव्हता. ते बापाने सांगायचं होतं. संध्याकाळी मी टिपणीसांच्या अंगणात गेले. प्रल्हादराव टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते. आर्य जे बोलला ते मी एकही शब्द न गाळता सांगितलं.

ते ओट्यावर बसले. हातातली सुतळी बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. "लाज?" ते म्हणाले. "मला त्याची लाज?" पुन्हा, "त्याची?"

"मग या वेळी उतरा गाडीतून. शेवटचा सामना आहे."

"म्हणूनच तर, वहिनी." त्यांनी सुतळी ओट्यावर टाकली. "शेवटचा आहे. मी जाऊन उभा राहिलो आणि गोल नाही झाला, तर? आयुष्यभराचा खेळ, आणि शेवट माझ्यामुळे कोरडा? ते मला झेपणार नाही."

"त्याला गोल नकोय हो! त्याला तुम्ही हवे आहात."

"तुम्हाला स्ट्रायकर माहीत नाहीत. स्ट्रायकरला गोलच हवा असतो."

यातला विनोद असा, की त्यांना स्ट्रायकर खरोखरच माहीत होते. मुलाचा खेळ समजावा म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं जगातले सगळे सामने टीव्हीवर बघत आला होता, एकट्या आर्यचे सोडून.

जुलैतला तो शनिवार. सहाचा सामना, ऊन अजून कडक. मी आर्यच्या गुडघ्याला पट्टी बांधली. त्याने पार्किंग लॉटकडे एकदा नजर टाकली. करडी गाडी नेहमीच्या जागी होती, तोंड रस्त्याकडे. तो बुटांच्या नाड्या परत बांधत बसला.

साठाव्या मिनिटाला तो मैदानात उतरला. दोन-अडीचशे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्या शाळेतल्या पोरांनी त्याचं नाव लिहिलेली चादर फडकवली. शोभना रडत होती. मला राहवेना. मी तरातरा गाडीपाशी गेले आणि दार उघडलं.

प्रल्हादराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. इंजिन बंद, घामाने शर्ट भिजलेला.

"तो उतरलाय," मी म्हटलं. "तीस मिनिटं आहेत. गोल करायला त्याचे पाय आहेत. बघायला तुमच्याशिवाय त्याच्याकडे दुसरा बाप नाही."

मी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने मागे खडीवर पावलं वाजली. ते तारेच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले, फाटकातच, एक पाय आत आणि एक बाहेर. मिरज सोडून किती वर्षं झाली, तिथला उंबरा काही सुटला नव्हता.

आर्यने त्यांना बघितलं. मला ते नेमकं कळलं, कारण चेंडू त्याच्या शेजारून गेला आणि तो हललाच नाही. कोच ओरडला, तेव्हा कुठे भानावर आला.

त्यानंतर तो असा धावला, की मला गुडघ्याची काळजी वाटायला लागली. आणि ऐंशीव्या मिनिटाला ती वेळ आली. डावीकडून चेंडू बचाव फोडून आला, आर्य बरोबर अर्धा सेकंद आधी तिथे पोचला. समोर एकटा गोलकीपर. शोभना खुर्चीवरून उठली. आर्यने चेंडू लांबच्या कोपऱ्याकडे वळवला. तो गोलकीपरच्या बोटांपलीकडून गेला, खांबावर आदळला आणि बाहेर.

सगळ्या मैदानाने 'ओह' केलं. मी फाटकाकडे वळले. बघते तर प्रल्हादराव वळून निघाले होते. धावतच म्हणा ना. दहा मिनिटं शिल्लक होती. ते मुलाला गोल मिळवून द्यायला निघाले होते.

मैदानावर आर्य गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. त्याने मान वर केली, ती सरळ फाटकाकडे. फाटक रिकामं होतं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

प्रल्हादरावांनी चालता चालता किल्लीचं बटण दाबलं. गाडीचे दिवे लुकलुकले. दाराला हात घातला आणि ते तसेच उभे राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मला ते पाठमोरेच दिसत होते. मग त्यांनी दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि परत आले. या वेळी फाटकात थांबले नाहीत. आत आले, शोभनाच्या खुर्चीशेजारी रेषेवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या नावाने ओरडले. काय ओरडले? "आर्य, उजवीकडे बघ! उजवीकडे!" शुद्ध मराठीत.

उरलेल्या दहा मिनिटांत गोल झाला नाही. सामना शून्य-शून्य सुटला. एकसष्टचे बासष्ट झाले नाहीत.

लोकांच्या मिठ्या, फोटो, पोरांच्या सह्या आटोपून आर्य लंगडत आमच्याकडे आला. बापापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "सो. यू सॉ दॅट मिस."

"पाहिला," प्रल्हादराव म्हणाले. "तू आधी मान वर करायला हवी होतीस. गोलकीपर केव्हाच लांबच्या बाजूला निघाला होता. जवळचा कोपरा सताड उघडा होता. तिथे नुसता ढकलला असतास तरी चाललं असतं."

मी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षांनी गाडीतून उतरला, आणि पहिलं वाक्य हे!

पण आर्य हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि तो खाली गवतावरच बसला. "निअर पोस्ट वॉज ओपन?"

"सताड. मग सांगतोय काय?"

"परत सांगा," तो म्हणाला. "बाबा, परत सांगा ना."

प्रल्हादराव त्याच्याशेजारी बसले. त्यांनी परत सांगितलं, गवतावर बोटाने आखून. मग बोट तसंच ठेवून बाकीचंही सांगितलं. आठ सामने, प्लान्टचा फोन, तीन रविवार. मी खुर्चीची घडी घालत होते, म्हणजे घातलेलीच घडी पुन्हा घालत होते. मध्येच आर्यचा आवाज आला, "वेट. इंग्लंडच्या वेळी पण?"

"गॅरेजमध्ये."

"एव्हरी सॅटर्डे?"

"दहा ते बारा. लिंक सगळ्या जपून ठेवल्यात मी. उघडल्या नाहीत, एवढंच."

वडिलांचं ते गवतावरचं बोट आर्यने मुठीत धरलं, लहान मुलं धरतात तसं.

खरं सांगू? माझाही अशा गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरी कधी कधी मनात येतं, ते गाडीत बसले असते तर झाला असता का गोल? झाला असता, तर तो आर्यला पुढच्या सीझनपर्यंत पुरला असता. आणि पुढचा सीझन तर नव्हताच.

घरी जाताना शोभना माझ्या गाडीत बसली. आर्य वडिलांबरोबर गेला. ग्रँड रिव्हर रस्त्याच्या सिग्नलला त्यांची करडी गाडी आमच्यापुढे उभी होती. मागच्या काचेतून दोघांचे हात दिसत होते. एक जण काहीतरी आखून दाखवत होता, दुसरा 'छे, छे' करत पुसून टाकत होता. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलेना. माझ्यामागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, मग परत वाजवला. शोभनाने माझ्याकडे पाहिलं. मी हॉर्नवरचा हात काढून घेतला आणि सिग्नल पुन्हा लाल होईपर्यंत थांबले.